‘काही नाही, बरंय’ : भावनेला शब्द न सापडण्याचं एक प्रकरण

वय 24. ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मतः मुलगी ठरवला गेलेला पुरुष. मूळ गाव कोल्हापूरपासून तासाभरावर, सध्या चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्या भागांच्या एका कारखान्यात तपासणीचं काम. पाळी 12 तासांची, आठवड्याआड रात्रपाळी. त्याला इथे ‘स’ म्हणू. हे कुणा एका व्यक्तीचं प्रकरण नाही. समुपदेशनाच्या खोलीत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचलं आहे, आणि ‘स’चे चाचण्यांमधले गुण हिशेब समजावा म्हणून कल्पून घेतले आहेत.

‘स’ला पाठवलं फिजिशियनने. चिठ्ठीत मजकूर एवढाच: छातीत दुखणे, दम लागणे, वरचेवर डोकेदुखी, ईसीजी, थायरॉईड, हिमोग्लोबिन ठीक, चिंता असावी, पाहावे.

पहिल्या भेटीतलं बोलणं साधारण असं चाललं. कसं वाटतंय? ‘बरंय.’ छातीत दुखतं तेव्हा? ‘दुखतं.’ तेव्हा मनात काय येतं? ‘काही नाही.’ पन्नास मिनिटांत ‘काही नाही’ सतरा वेळा. त्यात उद्धटपणा नव्हता आणि टाळाटाळही नव्हती. प्रश्न त्याला नीट कळत होता. तो थांबायचा, खाली बघायचा, आत काही सापडतंय का ते खरोखर शोधायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचा. फार खोदलं तर एक वाक्य मिळायचं: ‘कसंतरी होतं.’

भावना असते, पण ती कोणती आहे हे ओळखता येत नाही आणि ओळखली तरी सांगता येत नाही, या अवस्थेला अलेक्सिथायमिया म्हणतात. बोस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफ्नेओस यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रीक शब्द जोडून ही संज्ञा केली. हा आजार नाही आणि आयसीडी-11 या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत हे निदान म्हणून नाही. माणसामाणसांत कमीजास्त असणारा हा एक कल आहे. फिनलंडमधल्या 1999च्या एका अभ्यासात सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे 13 टक्क्यांत तो ठळकपणे दिसला होता. पुरुषांत 17 टक्के, स्त्रियांत 10. तेव्हा ‘स’ पारलिंगी (ट्रान्स) आहे म्हणून त्याला हे झालं, असं थेट म्हणता येत नाही. पारलिंगी माणसाच्या आयुष्यात असा कल पोसायला काय काय हातभार लावतं, हे मात्र या प्रकरणात चांगलंच दिसतं.

मी आलो की मी आले

मराठीत ‘मी’ला लिंग नाही, क्रियापदाला आहे. घाबरलो की घाबरले, चिडतो की चिडते, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. त्यात नेमकी भावनांची क्रियापदं बहुतेक अकर्मक: घाबरणं, चिडणं, रडणं, ओशाळणं, हरखणं. ‘मी चहा घेतला’ म्हणताना बोलणारा कोण ते कळत नाही. ‘मी रडलो’ म्हणताना कळतं. म्हणजे लिंगभाव लपवून जगणाऱ्याला चहाबद्दल मोकळेपणी बोलता येतं, रडण्याबद्दल नाही.

‘स’च्या बाबतीत याला गावाकडची एक गंमतही आहे. कोल्हापूरकडे मुलीसुद्धा ‘मी आलो, मी जातो’ सर्रास म्हणतात. त्यामुळे गावी होता तोवर त्याच्या बोलण्यात कुणाला काही खटकलं नाही. अठराव्या वर्षी पुण्यात मुलींच्या वसतिगृहात आल्यावर ‘आलो काय गं, आले म्हण’ असं हसत हसत सुधारणं सुरू झालं. ‘आले’ म्हणवत नव्हतं, ‘आलो’ म्हणायची सोय उरली नव्हती. तिथून त्याची वाक्यं आखूड होत गेली. ‘झालं.’ ‘चाललंय.’ ‘होतं कसंतरी.’ कर्ता नसलेली वाक्यं. तुटक बोलणं हा स्वभाव आहे असं मित्र समजत राहिले.

याच्या आधीचा धडा जास्त कडक होता. सोळाव्या वर्षी तो डायरी लिहायचा. ती थोरल्या भावाने वाचली. फोन गेला, बाहेर जाणं बंद झालं, दोन अमावास्यांना देवऋषाकडे नेलं. (डॉक्टरने असा ‘बदलण्याचा’ उपचार केला तर ते व्यावसायिक गैरवर्तन ठरतं, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलं. देवऋषी कोणत्याच आयोगाच्या कक्षेत येत नाही.) मनातलं नेमक्या शब्दांत लिहिलं की घर हातचं जातं, असा त्या वयाच्या मेंदूने हिशेब केला असेल तर त्याला चूक कसं म्हणायचं?

त्याच्या वाट्याला बंदीही दुहेरी आली. घरी ‘पोरीच्या जातीला एवढा राग बरा नव्हे’, आणि कारखान्यात पुरुष म्हणून वावरू लागल्यावर ‘बायकांसारखं तोंड काय पाडतोस’. राग आधीच काढून घेतलेला, रडू नंतर. ट्रान्स स्त्रियांत आणि डेऱ्यात (गुरूच्या सामायिक घरात) राहणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तींत चित्र पुष्कळदा उलटं दिसतं. रस्त्यावर टिकायला राग दाखवणं हे कामाचं हत्यार असतं, म्हणून भीती असो की दुःख, सगळं रागाच्याच दाराने बाहेर पडतं. पाहणाऱ्याला वाटतं, यांना भावना मांडता येतात की! मांडता येते ती एकच.

संशोधक इलन मायर यांनी 2003 मध्ये लैंगिक अल्पसंख्याकांच्या ताणाची जी मांडणी केली आणि हेंड्रिक्स व टेस्टा यांनी 2012 मध्ये ती पारलिंगी व्यक्तींना लावून दाखवली, तिच्यात लपवणं आणि नाकारलं जाण्याची सततची धास्ती हे स्वतंत्र ताण म्हणून मोजले आहेत. वर्षानुवर्षं लपवायचं तर चेहऱ्याबरोबर आतली नोंदही पुसावी लागते.

मोजमाप, आणि त्यातल्या खाचा

टोरांटो अलेक्सिथायमिया मापनश्रेणी, 1994ची, 20 विधानांची. प्रत्येकाला 1 ते 5 गुण, एकूण 20 ते 100. 51 पर्यंत नाही, 52 ते 60 सीमेवर, 61 पासून पुढे आहे असं धरतात. ‘स’चे गुण 67. बेरजेवर थांबलं तर हाती काही लागत नाही, तीन भाग सुटे करावे लागतात. भावना ओळखण्यातली अडचण 35 पैकी 26. सांगण्यातली अडचण 25 पैकी 20. विचाराचा ओढा बाहेरच्या घडामोडींकडे असणं 40 पैकी 21. पहिले दोन वर, तिसरा मध्यम. याचा अर्थ आत डोकवायची त्याला नावड नाही, डोकावल्यावर दिसत नाही. उपचाराची दिशा इथेच ठरते: आत बघण्याचं महत्त्व पटवण्यात वेळ घालवायचा नाही, दिसेल असं काहीतरी हाती द्यायचं.

खाचा दोन. या श्रेणीतली पाच विधानं उलट गुणांकनाची आहेत. मराठीत वाचून दाखवताना ‘नाही’वर ‘नाही’ चढतो आणि माणूस भलत्याच टोकाला खूण करतो. ती पाच विधानं सावकाश, उदाहरण देऊन विचारावीत. दुसरी खाच मोठी. ओळखण्याच्या भागात, आपल्याला न उलगडणाऱ्या शारीरिक संवेदनांबद्दलही विधानं आहेत. छाती सपाट दिसावी म्हणून आवळून बांधणारा, पाणी न पिणारा, हार्मोन सुरू केलेला माणूस त्यांना ‘अगदी बरोबर’ म्हणणारच. ते गुण भावनांचे की छातीवरच्या पट्टीचे, हे श्रेणीला कळत नाही.

बाकीच्या चाचण्यांत पीएचक्यू-9 या नैराश्याच्या प्रश्नावलीवर 27 पैकी 14, म्हणजे मध्यम नैराश्य. स्वमग्नतेची (ऑटिझमची) चाचपणीही केली. स्वमग्न व्यक्तींपैकी जवळपास निम्म्यांत अलेक्सिथायमिया आढळतो, असं 2019च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं. आणि पारलिंगी व्यक्तींत स्वमग्नतेचं प्रमाण इतरांच्या 3 ते 6 पट असल्याचं केंब्रिजच्या संशोधकांनी 2020 मध्ये मांडलं. ‘स’च्या लहानपणाच्या माहितीत तसं काही नव्हतं. असतं तर पुढची आखणी बदलावी लागली असती.

आत्महत्येचा धोका तपासताना इथे हमखास चूक होते. ‘मरावंसं वाटतं का?’ याला ‘स’ने ‘नाही’ म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं; त्याला ‘वाटत’ काहीच नव्हतं. भावनेचा प्रश्न बाजूला ठेवून कृती विचारल्या: रस्ता ओलांडताना गाडी न बघणं होतं का? गोळ्या साठवल्यात? वस्तू कुणाला देऊन टाकल्यात? पहिल्याला उत्तर आलं, ‘हां, ते होतं. गेले दोन महिने.’ लगेच सुरक्षेची आखणी केली: रात्रपाळीहून परतताना सोबत कोण, खोलीवरच्या कोणत्या मित्राला उठवायचं, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फोनमध्ये कोणत्या नावाने ठेवायचा. (‘रिचार्ज’ या नावाने ठेवला.)

आधी शरीराचा गोंगाट

दुसऱ्या भेटीत भावनांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. विचारलं ते दिवसभराचं वेळापत्रक. त्यातून निघालं ते असं. छाती सपाट दिसावी म्हणून तो औषधाच्या दुकानातलं 6 इंची क्रेप बँडेज दोन थरांत गुंडाळत होता. पाळीचे 12 तास आणि बसचा प्रवास दोन्ही वेळचा धरून 15 तास. कारखान्यात स्वच्छतागृहाला जायला लागू नये म्हणून सकाळच्या अर्ध्या कप चहानंतर पाळी संपेपर्यंत पाणी नाही. जेवण अर्धं.

क्रेप बँडेजचा गुणधर्मच असा की हालचालीबरोबर ते आवळत जातं. बरगड्या फाकत नाहीत, श्वास वरच्या वर चालतो, दम लागतो, छातीत कळ येते. धास्ती बसल्यावरही हेच होतं. मग बसमध्ये कुणी रोखून बघितल्यावर छाती आवळली, ती बघण्याने की बँडेजने? ‘स’ला सांगता येत नव्हतं, आणि त्याच्या जागी कुणालाही आलं नसतं. डोकेदुखीचं तसंच. तहान, भूक आणि वैताग हे तिन्ही एकाच डोक्यात ठणकत होते.

भावनेचे शब्द शिकवायची घाई करणारे इथेच फसतात. रेडिओची खरखर चालू असताना गाणं ओळखायला सांगण्यासारखं ते आहे.

बदल केले ते असे. बँडेज पूर्ण बंद. छातीचं माप घेऊन शिवलेला बाइंडर, म्हणजे छाती सपाट ठेवणारा घट्ट आतला कपडा, तोही सलग 8 तासांपेक्षा जास्त नाही, झोपताना कधीच नाही. पाळी 12 तासांची म्हणून प्रवासात आणि शेवटच्या काही तासांत त्याऐवजी घट्ट स्पोर्ट्स ब्रा आणि वर सैल जाड शर्ट. आठवड्यातला सुट्टीचा दिवस मोकळा. बाइंडर काढल्यावर दोन वेळा मुद्दाम खोकून कफ मोकळा करायचा. पाणी दर दोन तासांनी एक ग्लास. त्यासाठी आधी स्वच्छतागृहाचा प्रश्न सोडवावा लागला: गोदामामागचं एकांड्या दाराचं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह त्याने स्वतःच हेरून ठेवलं होतं, फक्त जायची वेळ ठरवायची होती. जेवणाची सुट्टी संपायच्या दहा मिनिटं आधी तिथे कुणी नसतं.

तीन आठवड्यांनी छातीतलं दुखणं बरंच उतरलं. पूर्ण गेलं नाही, आणि उपचाराच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं ठरलं. उरलेलं आवळणं दिवसातून दोनच वेळा येत होतं: बसमध्ये चढताना, आणि रात्री नऊच्या सुमारास, आईचा फोन वाजला की.

तीन खुणांची नोंद

डायरी लिहायला सांगणं हा ठरलेला गृहपाठ. इथे तो देताच ‘स’चा चेहरा दगडासारखा झाला, कारण वर आलंच आहे. (पहिल्या आठवड्यात तो दिला गेला होता. वही कोरी परत आली, आणि ‘सहकार्य नाही’ असा शेरा लिहिण्याचा मोह टाळला हे बरं झालं.) त्याऐवजी फोनमध्ये, स्वतःलाच पाठवलेल्या संदेशात, तीन खुणा: शरीराचा भाग एका अक्षरात, तीव्रता 0 ते 10, आणि आधी काय घडलं ते एका शब्दात. पो-7-बस, म्हणजे पोट, तीव्रता 7, बसमध्ये. ग-6-आई, म्हणजे गळा. मा-4-साहेब. कुणी वाचलं तरी पत्ता लागू नये. वेळा तीन: कामावर जाताना, जेवणाच्या सुट्टीत, खोलीवर आल्यावर. आठवड्याला 21 नोंदी व्हायला हव्यात. पहिल्या आठवड्यात 9 आल्या, आणि तेवढ्या पुरल्या.

भेटीत एकेक नोंद घेऊन चारच प्रश्न. गरम होतं की गार? पुढे जावंसं झालं की मागे? एका जागी होतं की फिरत होतं? किती वेळ टिकलं? ‘काय वाटलं’ हा प्रश्न यात मुद्दामच नाही. फिनलंडच्या लाउरी नुमेनमा आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये सुमारे 700 लोकांकडून भावनांचे शरीरावरचे नकाशे रंगवून घेतले होते. रागात छातीपासून हातांपर्यंत जोर चढतो, दुःखात हातपाय ढिले पडतात, अशा ढोबळ खुणा फिनिश-स्वीडिश आणि तैवानी लोकांत सारख्याच निघाल्या. तोच धागा इथे मराठीत वापरला, आणि मराठीला त्याची सवय आहेच. पोटात गोळा येणं, हातपाय गार पडणं, तळपायाची आग मस्तकाला जाणं, जीव टांगणीला लागणं: आपली भाषा भावना आधी शरीरात ठेवते आणि मग तिला नाव देते.

सुरुवातीला शब्द चारच. गरम आणि पुढे, म्हणजे रागाकडे. गार आणि मागे, भीतीकडे. जड आणि खाली, दुःखाकडे. चेहरा गरम आणि लपावंसं, लाजेकडे. ‘-कडे’ जाणूनबुजून ठेवलं. नेमकं नाव चुकेल ही धास्ती नको. वाक्याचा साचाही दिला: ‘मला राग आला’, ‘मला भीती वाटली’, ‘मला रडू आलं’. इथे लिंग रागाचं, भीतीचं, रडण्याचं, बोलणाऱ्याचं नाही. हा साचा मराठीत आयता आहे, आणि ‘मी’शी अडखळणाऱ्यासाठी त्याच्याइतकी सोपी पायरी नाही. ‘मी चिडलो’ हे ‘स’च्या तोंडून नवव्या भेटीत आलं, न ठरवता.

पो-7-बस उलगडायला दोन भेटी लागल्या. कंडक्टर म्हणायचा, ‘ताई, पुढे सरका.’ गार की गरम? आधी गार, मग गरम. मागे की पुढे? आधी मागे, उतरल्यावर पुढे, ‘परत चढून एक ठेवून द्यावी असं.’ म्हणजे एकाच नोंदीत दोन गोष्टी होत्या: ओळखला गेल्याची भीती, आणि त्यामागोमाग चीड. इतकी वर्षं त्या दोन्हींचं मिळून ‘कसंतरी’ होत होतं.

आणि एक नोंद फसवी निघाली. गा-5-न्हावी. गाल गरम, लगेच संपलं नाही. ‘स’ने ती आपणहून लाजेत टाकली. दुकानात काय झालं होतं? न्हाव्याने आरशात बघत विचारलं होतं, ‘दादा, कल्ले ठेवू का?’ लपावंसं झालं का? नाही. मग? ‘परत विचारावं असं.’ ही लाज नव्हे. अशा वेळी समुपदेशकाने शब्द पुरवायला हरकत नाही; ‘हरखणं’ हा शब्द पुढे केला आणि त्याने तो दोनदा म्हणून बघितला. वेदनेच्या नोंदी घेण्याच्या नादात या बाजूच्या नोंदी राहून जातात. त्याचा तोटा पुढे होतो, कारण आपल्याला काय हवं आहे याचा पुरावा बहुतेक वेळा याच बाजूला असतो.

पुढच्या टप्प्यात चार शब्दांच्या फांद्या केल्या. रागाखाली वैताग, चीड, कुढणं. भीतीखाली धास्ती, धाकधूक, धसका. दुःखाखाली रुखरुख, हुरहुर, हिरमोड. लाजेखाली अवघडणं, ओशाळणं. सुखाची बाजू उशिरा आली: हायसं वाटणं, हरखणं. एका भेटीत दोनपेक्षा जास्त शब्द नाहीत.

जे फसलं

भावनांचं चक्र. साठ शब्दांचा भाषांतरित तक्ता तिसऱ्या भेटीत दिला होता. ‘विषण्ण’, ‘उद्विग्न’, ‘हतोत्साह’. घरात कुणी न बोललेले शब्द. त्याने सगळीकडे ‘उदास’वर खूण केली आणि वर विचारलं, यातलं बरोबर उत्तर कोणतं?

डोक्यापासून पायापर्यंत शरीराकडे लक्ष नेण्याचा सराव. लक्ष छातीपाशी आलं आणि तो पुढे दिवसभर बधिर होता. पारलिंगी व्यक्तीच्या बाबतीत हा सराव छापील क्रमाने कधी करू नये. कोणते भाग वगळायचे, कोणत्या भागाला काय म्हणायचं, हे आधी विचारायचं. ‘स’साठी तळपाय, तळहात, जबडा आणि पाठ एवढेच थांबे ठेवले आणि काम झालं. दीर्घ श्वसनाचं असंच: बाइंडर घातलेला असताना खोल श्वास घ्यायला सांगितलं तर उलट घुसमट वाढते.

तिसरी चूक महागात पडली. पाचव्या भेटीत रिकाम्या खुर्चीवर वडील बसले आहेत असं समजून बोलायला सांगितलं. नजर खिडकीवर खिळली, हात गार, उत्तर बंद. पुढच्या दोन भेटी चुकल्या. कारण साधं होतं: भावना ओळखण्याचं काम अर्धंही झालं नव्हतं आणि एकदम सर्वांत मोठ्या माणसासमोर ती मांडायला लावली. तिसऱ्या आठवड्यात तो आला तेव्हा समुपदेशकाने ‘घाई झाली, चूक आमची’ एवढं म्हटलं आणि परत खुणांच्या नोंदीवर आणलं.

बारीक चुकाही नडतात. स्वागतकक्षातली ‘कधी आलीस?’ ही एक चूक पुढची पंधरा मिनिटं खाते. माणूस कसा बोलतो ते कळेपर्यंत ‘तुम्ही आलात’, ‘काय घेणार?’ असं बोललं तर लिंग येतच नाही. कागदावरही सुरुवातीपासून एकच रूप ठेवायचं, आणि तो कागद कोण बघू शकतं ते माणसाला सांगून टाकायचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 23 प्रमाणे गोपनीयता हा त्याचा हक्क आहे. ‘स’ने हे कलम दोनदा वाचून घेतलं, भाऊ फोन करून विचारू शकतो का, म्हणून.

पत्राचा प्रश्न

इथे येण्याच्या वर्षभर आधी ‘स’ हार्मोन सुरू करायला लागणाऱ्या शिफारसपत्राकरिता एका मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन आला होता. ‘मुलगी असण्याबद्दल काय वाटतं?’ ‘माहीत नाही.’ ‘त्रास होतो?’ ‘तसं काही नाही.’ शेरा पडला: लिंगभावाबाबत संदिग्धता, सहा महिन्यांनी यावे.

हा अन्याय आहे, आणि तो नकळत होतो म्हणून जास्त लक्षात ठेवण्यासारखा. डीएसएम-5 या अमेरिकन निदानपुस्तिकेतलं निदान लक्षणीय मानसिक त्रास किंवा रोजच्या व्यवहारात अडथळा मागतं. ज्याला त्रासाचं नावच सांगता येत नाही तो या उंबऱ्यावर अडतो. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये लिंगविसंगती (स्वतःला जाणवणारं आणि जन्मतः ठरवलेलं लिंग न जुळणं) मानसिक विकारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे, आणि तिथे त्रास ही अट नाही. विसंगती ठळक आणि टिकून असली पाहिजे. टिकून असणं कृतीतही दिसतं. अकराव्या वर्षी केस कापून घेणं, दहावीपर्यंत गणवेशाच्या ओढणीवरून रोजची भांडणं, सहा वर्षं एकच निवडलेलं नाव, रोजचे पंधरा तास आवळलेली छाती. ‘माहीत नाही’ म्हणणारा माणूस इतक्या वर्षांच्या वागण्यातून एकच गोष्ट सांगत आला होता. नवं पत्र या क्रमाने लिहिलं. शब्द अडतात याचा उल्लेख केला, आणि संमतीसाठी लागणारी समज त्याच्यात आहे का ते वेगळं तपासून नोंदवलं: फायदे, धोके, न परतणारे बदल, मूल होण्यावरचा परिणाम, हे त्याच्याच शब्दांत वदवून घेतलं. एरवी तुटक बोलणारा ‘स’ इथे सलग दहा मिनिटं बोलला, कारण प्रश्न माहितीचा होता.

पाचव्या महिन्यात एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या (हार्मोनच्या डॉक्टरांच्या) देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू झाली, तीन आठवड्यांतून एक. अशा इंजेक्शनात पहिल्या काही दिवसांत पातळी चढते आणि पुढच्याच्या आधी उतरते; चिडचिड आणि थकवा त्या लयीत येऊ शकतात. म्हणून नोंदीत चौथी खूण वाढवली: इंजेक्शनपासूनचा दिवस. छा-5-साहेब-2 आणि छा-5-साहेब-19 या सारख्या दिसल्या तरी वेगळ्या गोष्टी असू शकतात. टेस्टोस्टेरॉन घेणारे बरेच पुरुष रडू येईनासं झालं असं सांगतात, ‘स’नेही सांगितलं. त्याला लगेच भावनांचा बधिरपणा ठरवू नये. रडू ही खूण गेली तरी गळा, जबडा, हातपाय शिल्लक असतात, आणि तिथे नोंदी होत होत्या. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) तपासायचं असतं, तेव्हा रक्त तपासणीच्या दिवशीच नोंदींचाही आढावा ठेवला.

ओळखणं एक, सांगणं दुसरं

18 भेटींनंतर, सहा महिन्यांनी, टोरांटो श्रेणीवर एकूण गुण 55: ओळखणं 18, सांगणं 17, बाहेरचा ओढा 20. पीएचक्यू-9 वर 8. रस्ता ओलांडताना गाडी न बघणं थांबलं होतं. ओळखण्यातली अडचण 8 गुणांनी उतरली, सांगण्यातली 3 गुणांनीच, आणि हे अपयश धरलं नाही. पहिल्या भागातली सुधारणा किती खरी आणि किती बँडेज सुटल्याची, हा प्रश्न राहतोच, दोन्ही असणार. दुसऱ्या भागाचं कारण उघड आहे. घरी अजून जमीन भावाच्या हातात, आईचा फोन भावासमोर. तिथे मन मोकळं करायला लावणं म्हणजे ‘स’ला पुन्हा सोळाव्या वर्षात ढकलणं. सांगायचं कुणाला, किती, कशाच्या बदल्यात, हे तीन कप्प्यांत मांडलं. खोलीवरचा मित्र: शब्दासकट सगळं. साहेब: भावना नाही, फक्त मागणी, ‘हजेरीपटावर नाव बदलेपर्यंत आडनावाने हाक मारा.’ (साहेबांनी ते दुसऱ्या दिवसापासून केलं.) घर: सध्या काही नाही.

ग-6-आई ही नोंद मात्र आठवड्यामागून आठवडे येत राहिली. रात्री नऊला फोन, पहिला प्रश्न ‘जेवलीस का?’, उत्तर ‘हो’, गळा आवळलेला. गार, मागे, एका जागी. रुखरुख की धास्ती, यावर एक अख्खी भेट गेली आणि निकाल लागला नाही.

सहाव्या महिन्यात एक दिवस आईने विचारलं, ‘जेवण झालं का?’ दुसऱ्या दिवशीही तेच, आठवडाभर तेच. प्रश्न तोच, फक्त लिंग आता जेवणाचं होतं. आईने ठरवून केलं की सहज, ते ‘स’ने विचारलं नाही आणि भेटीतही त्याचा अर्थ लावायला गेलं नाही. नोंद ग-3-आई अशी होती. गरम की गार? गरम. पुढे की मागे? पुढे. फिरतं? नाही. किती वेळ? फोन ठेवल्यावर अर्धा तास. शब्द कोणता, यावर तो बराच वेळ फांद्यांचा कागद बघत बसला. मग म्हणाला, ‘कसंतरीच झालं. पण चांगलं कसंतरी.’ कागदावर शेवटची फांदी रिकामी होती, तिथे त्याने ते तसंच लिहिलं.